एक्केचाळीस पुस्तकं आणि रूपाची वही

सावद्याहून रावेरकडे जाताना दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागतात. त्या बागांत ऊन सरळ जमिनीवर येत नाही. पानापानावर थांबत, फाटक्या कडांतून वाट काढत उतरतं आणि खोडापाशी पोचेपर्यंत हिरवं होऊन जातं. त्या हिरव्या उन्हात मी हेमराज फिरकेला पहिल्यांदा पाहिलं. बावीस वर्षं झाली. मी गिरणाकाठचा, भडगावजवळच्या खेड्यातला. आमच्याकडे कापूस. केळीच्या कापणीच्या टोळीत काम मिळालं म्हणून इकडे आलो आणि इकडचाच होऊन गेलो. गोष्टी सांगायची सवय मात्र गावाहून आणली. ती मला कोणी शिकवली नाही आणि कोणत्या पुस्तकात मी ती शोधायला गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हेमराजभाऊची गोष्ट पुस्तकांचीच आहे.

हेमराज टोळीच्या पुढे एकटा चालायचा. त्याचं काम घड पारखण्याचं. केळीचा घड झाडावर पिकवत नाहीत, हिरवा असतानाच कापतात. पण कोणत्या दिवशी, ते कळावं लागतं. आठ दिवस आधी कापला तर पिकल्यावरही केळं बेचव राहतं. आठ दिवस उशीर झाला तर दूरच्या बाजारात पोचण्याआधी ट्रकमध्येच साल उलते. कोवळ्या केळ्याच्या अंगावर कडा असतात, बोट फिरवलं तर हाताला लागतात. केळं भरत येतं तशा त्या कडा बसत जातात. त्या पुऱ्या बसायच्या थोडं आधी घड तयार होतो. ते 'थोडं आधी' हेमराजच्या डोळ्यांत होतं. मान वर करून एकदा बघायचा. घडाला हातही लावायचा नाही. खिशातून चुन्याची डबी काढायचा आणि खोडावर एक पांढरं बोट ओढायचा. ज्या खोडावर चुन्याचं बोट, तोच घड कापायचा. बोट नसेल तर बागमालक समोर उभा असला तरी टोळीतला माणूस विळा उचलत नसे.

बावीस वर्षांत ते बोट चुकलेलं मी पाहिलं नाही.

टोळीतले लोक त्याला 'लेखक' म्हणायचे. त्यात अर्धी चेष्टा, अर्धा मान. मी येऊन तीनेक वर्षं झाली तेव्हा जळगावच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचा छोटा लेख छापून आला होता. बागेतल्या दुपारीवर होता, अर्ध्या पानाचाही नव्हता. ते कात्रण त्याने बरीच वर्षं पाकिटात ठेवलं आणि घामाने त्याची अक्षरं पुसली. पण त्या कात्रणानेच पुढचं सगळं सुरू केलं, कारण ते त्याने घरी आईला वाचून दाखवलं होतं.

त्याची आई सुमनबाई. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, हेमराज माय म्हणायचा. अक्काला अक्षर येत नव्हतं. तिने तो लेख हात मांडीवर ठेवून ऐकला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "असंच रूपाचं लिही. आन् मले वाचून दाखव."

रूपा म्हणजे हेमराजची थोरली बहीण. ती नऊ वर्षांची होऊन गेली तेव्हा हेमराज चार वर्षांचा होता. त्याला तिचं काहीच आठवत नव्हतं. तिचा फोटो नव्हता. शाळेत घातली नव्हती, त्यामुळे तिचं नाव कुठल्या कागदावरही नव्हतं. भाद्रपदात तीन दिवस ताप आला. घरची कापणी तोंडावर होती. हेमराजचा बाप वना म्हणाला, आज घड उतरवू, उद्या दवाखान्यात नेऊ. उद्या नेण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतर बापाने घरात पोरीचं नाव काढायची बंदी केली. ती रागातून नव्हती. त्याला ते नाव सोसत नव्हतं. पुढे बाप गेला, पण बंदी घरात तशीच राहिली. लोकांनाही सवय लागली. गल्लीतली म्हातारी माणसं गेली, नवी आली, आणि रूपा नावाची पोर या घरात होती हे माहीत असणारी एकटी अक्काच उरली.

"एकतीस वर्सं झाली," ती तेव्हा हेमराजला म्हणाली होती. "तिचं नाव दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकलं नाही म्या. कधी कधी वाटते, म्याच मनानं रचलं का काय तिले. तू लिहिलं आन् वाचलं म्हंजे कयंन, की व्हती."

त्या उन्हाळ्यात अक्का अंगणात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा घालत होती आणि हेमराज शेजारी शहाण्णव पानांची वही घेऊन बसत होता. ती सांगायची, तो लिहून घ्यायचा. रूपा बांधावरून आईच्या पुढे उलटी चालायची, म्हणजे आईचं तोंड दिसत राहावं. पपईच्या देठाची पिपाणी करून वाजवायची. लहान भावाला लुगड्याच्या फडक्याने पाठीशी बांधायची आणि वारा सुटला की बागेतली पानं फडफडतात त्याची तिला भीती वाटायची, म्हणून त्या आवाजाच्या वर मोठ्याने बोलत राहायची. भीती वाटते असं मात्र कधी म्हणायची नाही. शेवटच्या दिवशी तापात तिने विचारलं होतं, "भुलाबाई बसली का व माय?" भुलाबाई, म्हणजे पोरींचा महिनाभर चालणारा गाण्यांचा सण, बसायला तेव्हा आठ दिवस होते. अक्का म्हणाली, बसली. ते एक खोटं आपण तिच्याशी बोललो, हेही अक्काने वहीत लिहायला लावलं.

उन्हाळा सरेपर्यंत वही भरली. सगळं तिच्यात होतं. मला हे माहीत आहे, कारण हेमराजने ती मला वाचून दाखवली, बागेच्या बांधावर, जेवणाच्या सुट्टीत. वाचून झाल्यावर मी उरलेली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली.

"नवल," तो मला म्हणाला, "हे तू कोनाले सांगजो नको. तुह्या तोंडात गोष्ट राहत नाही. मायले हे म्याच वाचून दाखवनार हाये."

मी शब्द दिला.

मग त्याने पहिलं पान लिहायला घेतलं. लिहिलं, वाचलं आणि त्याला ते मेलेलं वाटलं. अक्काच्या तोंडून आलेली रूपा बांधावर चालत होती आणि त्याच्या कागदावरची रूपा नुसती पडून होती. त्याने ते पान फाडलं. मी असतो तर दुसरं लिही म्हणालो असतो. पण त्याचा स्वभाव मन लावून शिकण्याचा. घड पारखायलाही तो असाच शिकला होता, तीन वर्षं एका म्हाताऱ्या पारख्याच्या मागे चालून, स्वतः एकही बोट न ओढता. लिहिणंही आधी पुरतं शिकून घ्यावं आणि मगच कागदाला हात लावावा, असं त्याला वाटलं. तो गावच्या वाचनालयात गेला.

वाचनालय तोताराम सांभाळायचा. तोतारामने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पुस्तक काढून दिलं. कलावंताच्या मनात निर्मिती कशी होते, त्याच्यावरचं. परदेशी पुस्तकाचं भाषांतर होतं. हेमराजने ते आठ दिवसांत वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, परत केलं आणि दुसरं मागितलं. कपाटातली संपली तेव्हा तोताराम जळगावहून मागवायला लागला. चित्रकारांची आयुष्यं, गवयांच्या आठवणी, लेखकांनी लेखनाबद्दल लिहिलेलं, प्रतिभा म्हणजे काय, एकांत म्हणजे काय, शब्द कुठून येतात. वाचलेल्या पुस्तकांची, मोठ्या अक्षरात, एक यादी त्याने घराच्या भिंतीला लावली होती. एकोणीस वर्षांत तिच्यात एक्केचाळीस नावं झाली.

"हेमराजभाऊ," तोताराम एकदा म्हणाला, "या विषयावरचं माझ्याकडचं सगळं तुम्ही वाचलं. आता तुमचंच लिहा, मी ते फळीवर ठेवतो. जागा करून ठेवलीय."

"एक राहिलं हाये," हेमराज म्हणाला. "त्याच्यात शेवट कसा करावा ते हाये म्हने."

तो खोटं बोलत नव्हता. प्रत्येक पुस्तक वाचताना त्याचा चेहरा उजळलेला असायचा. बागेत चालता चालता तो मला सांगायचा, अमक्या चित्रकाराने एका फळाचं चित्र काढायला किती वर्षं घेतली, तमक्या गवयाने एक सूर लागेपर्यंत कसं घर सोडलं. सांगताना त्याचा आवाज बदलायचा. आपणही त्या पंगतीतले आहोत, थोडे मागे बसलो आहोत एवढंच, असं त्याला वाटत असणार. खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही बरं वाटायचं. आमच्या कामात चिकाने कपडे काळे होतात ते कधी निघत नाहीत. त्या कपड्यांत असलं काही बोलणारा माणूस रोज भेटत नसतो.

टोळी मात्र सोडत नव्हती. "लेखक, हा घड कापू, का त्याच्याआधी अजून एक पुस्तक वाचता?" रुपचंद विचारायचा. सगळे हसायचे. हेमराजही हसायचा आणि चुन्याचं बोट ओढायचा.

आणि अक्का? ती सुरुवातीला रोज विचारायची. मग आठवड्याला. "झालं का रे?" एवढंच. नाव नाही, काही नाही. हेमराज म्हणायचा, "चालू हाये, माय." तिला तेवढ्याने पुरायचं.

सात-आठ वर्षांपूर्वी धुळ्याला एक शिबिर होतं, कलावंताचं जगणं असा काहीतरी विषय. हेमराजने मलाही नेलं. सभागृहात पंखे जोरात फिरत होते. व्यासपीठावर एक गृहस्थ फार सुंदर बोलले. ते म्हणाले, निर्मितीची घाई करू नका. अनुभव आत पिकू द्या. पुरता पिकला की तो आपोआप गळून तुमच्या हातात पडेल. हेमराजने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मी गप्प बसलो. मग राहवलं नाही. मी माझ्या बोलीत विचारलं, "भाऊ, झाडवर पिकेल घड कोनी ट्रकमा भरस का?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "केयी वेगयी, नवल. गोष्ट वेगयी."

"दोन्ही टांगेलच शे ना पन."

तो हसला. "तुहं हे शे-शे कधी सुटनार?" म्हणाला आणि वही उघडून दोन रेघांच्या खाली तिसरी ओढली.

मी आणखी बोलायला हवं होतं. मी मोठा बोलणारा माणूस, पाच गावांत लोक मला गोष्टीसाठी बसवून घेतात, आणि त्या दिवशी एरंडोल आलं, जळगाव आलं, मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्या शिबिरानंतर त्याने घरात खोली केली. धान्य ठेवायच्या जागेत पत्रा उभा करून दार बसवलं. कोणत्याशा पुस्तकात होतं की कलावंताने दिवसातले दोन तास जगाला मेलेलं असावं. तो कामावरून आल्यावर हातपाय धुऊन आत जायचा आणि कडी लावायचा. आत वाचायचा, खुणा करायचा, वहीतल्या रूपावर विचार करायचा. बायको कामिनी चहा दाराबाहेर ठेवायची. अक्का दाराशी यायची, बाहेरून विचारायची, "झालं का रे?" तो आतून म्हणायचा, "माय, दोन घंटे."

पुढे पुढे तिने विचारायचं सोडलं. हेमराज मला म्हणाला, "मायले कयलं आता. कला म्हंजे काय ते कयलं तिले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मागच्या माघात आम्ही प्रेमराज पाटलांच्या बागेत कापणी करत होतो. बागेच्या कोपऱ्यात, विहिरीच्या आडोशाला, एक झाड सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं होतं. आधीच्या कापणीतही सुटलं असणार. त्याचा घड झाडावरच पिकला होता. पिवळा जर्द. साली उललेल्या, आतला गर काळा पडून ओघळलेला, सगळ्या घडावर मुंग्या आणि माशा. वास लांबूनच आला. रुपचंद म्हणाला, "लेखक, हा एक तुमच्यासाठी राहून गेला." कोणी तरी हसलं.

हेमराज त्या घडाखाली उभा राहिला. बराच वेळ. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, "आजचं तू पाहून घे," आणि दुपारच्या बारालाच घरी निघून गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याने चाळीस दिवस लिहिलं. भिंतीवरची यादी काढली. वही उघडली आणि अक्का जसं बोलली होती तसंच लिहीत गेला. बासष्ट पानं झाली. ती त्याने मला आणून दिली. मी ती प्रेमराज पाटलांच्या बांधावर बसून वाचली आणि मला जे वाटलं ते मी इथे जपून लिहितो, कारण मी कोणाची खोटी स्तुती करत नाही, स्वतःची तर कधीच नाही. ते चांगलं होतं. इतकं चांगलं की वाचताना वारा सुटला आणि पानं फडफडली तेव्हा मी मान वर करून बघितलं. आणि त्या एक्केचाळीस पुस्तकांतलं त्याच्यात काहीच नव्हतं. ते तो त्याच पहिल्या उन्हाळ्यात लिहू शकला असता.

"बठ्ठं चांगलं शे, भाऊ," मी म्हणालो. "आता अक्काले ऐकाड."

"आखाजीले," तो म्हणाला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरोघर गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. माहेरी आलेली लेक आणि गेलेलं माणूस, दोघांचा दिवस एकच. रूपाला त्या दिवशी घरी आणायचं, असं हेमराजच्या मनात होतं.

मला बोलावलं होतं. त्याची मुलगी डिंपल धुळ्याहून आली होती, दोन वर्षांमागे तिचं लग्न झालं. घागर भरून, जेवणं व्हायच्या आधी, हेमराज आईसमोर मांडी घालून बसला. अक्का भिंतीला टेकून गहू निवडत होती. सत्त्याहत्तर वर्षांची, वाळलेल्या पानासारखी हलकी झालेली. तो म्हणाला, "माय, झालं." तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

तो वाचायला लागला. पहिल्याच ओळीत नाव होतं. रूपा. पन्नास वर्षांत त्या घरात ते नाव उघड्या आवाजात कोणी घेतलं नव्हतं. मी अक्काकडे बघत होतो. तिची बोटं गव्हातून खडे काढत होती. नाव आलं, बोटं थांबली नाहीत. पुन्हा आलं, पुन्हा. बोटं चालूच. मला वाटलं, म्हातारीने स्वतःला सावरून धरलंय. बांध आला, पिपाणी आली, पाठीशी बांधलेला भाऊ आला. कामिनीने पदर तोंडाला लावला होता. डिंपल आधी वडिलांकडे बघत होती, मग आजीकडे बघायला लागली आणि मग तिने आईकडे बघितलं. भुलाबाई बसली का व माय, हे वाचताना हेमराजला थांबावं लागलं. तो थांबला तेव्हा अक्काने मान हलवली.

दीड तास लागला. शेवटचं पान खाली ठेवून तो आईकडे बघत राहिला. तिने सूप बाजूला ठेवलं, त्याच्याकडे बघून हसली.

"चांगलं हाये," म्हणाली. "जेवले का सगये?"

हेमराजचा चेहरा अजून वाट बघत होता. शेवटी डिंपल म्हणाली, "पप्पा, आजीला ऐकू येत नाही."

"काय म्हनते?"

"काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत नाही?"

तो कामिनीकडे वळला. कामिनी जमिनीकडे बघत बोलली, "दोन वर्सं झाली. आधी एका कानानं गेलं, मंग दुसऱ्या. मी हातानं सांगते त्याइले."

"आन् मले सांगितलं नाही तू?"

"आलती सांगाले. दाराशी. तुमी म्हनले, दोन घंटे." मग म्हणाली, "मंग त्याइनंच सांगू नको म्हनलं. म्हने, तो माहं काम करून राहिला, त्याच्या जिवाले घोर नको लावू."

म्हणून अक्का दाराशी येऊन विचारायची थांबली होती. विचारलं तरी आतलं उत्तर तिला ऐकू येणार नव्हतं.

हेमराजने तिला जळगावला नेलं. दोन डॉक्टर झाले. शिरा वाळल्यात, म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं. अक्काने ते एक दिवस घातलं, म्हणाली कानात माश्या घोंगावतात, आणि डबीत ठेवून दिलं. एका सकाळी मी त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा लांबूनच आवाज ऐकू आला. हेमराज आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. "रूपा! माय, रूपा!" गल्लीतल्या बाया ओट्यावर आल्या होत्या. एक जण दुसरीला विचारत होती, कोण व ही रूपा. जे नाव पन्नास वर्षं चारचौघांत कोणाला ऐकू आलं नव्हतं ते त्या सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. अक्का त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "कायले वरडतो रे बापा? शिरा तुटतीन."

मी त्या दिवशी गल्लीतूनच परत फिरलो. मला माझं दिसत होतं. या एकोणीस वर्षांत मी त्या ओट्यावर किती वेळा बसलो असेन. अक्काने मला किती वेळा म्हटलं असेल, "नवल, सांग काहीतरी." तेव्हा तिचे कान शाबूत होते. मी तिला राजाच्या सांगितल्या, भुताच्या सांगितल्या, हसवलं तिला. ही एक गोष्ट माझ्या तोंडाशी होती आणि मी दिलेला शब्द पाळला. लोक शब्द पाळणाऱ्याला चांगलं म्हणतात.

त्यानंतर महिनाभराने मी गेलो तेव्हा तो अंगणात आईसमोर बसला होता. वाचनालयाची उरलेली पुस्तकं तोतारामकडे परत गेली होती. पत्र्याचं दारही काढून टाकलं होतं, त्या जागी पुन्हा धान्याची पोती. हेमराजने पपईचा देठ कापून आणला होता. त्याने हात जमिनीपासून थोडा वर धरून एवढीशी पोर दाखवली. अक्का म्हणाली, "डिंपल ना? गेली ती धुयाले, सासरी." त्याने मान हलवली. पुन्हा हात धरला. मग देठ तोंडाला लावून फुंकला. पिपाणी वाजली. मला ऐकू आली, रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू आली असेल. अक्काने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "टाक ते. चीक डोयात जाईन." लहान पोराला म्हणावं तशी म्हणाली आणि पिपाणी लांब टाकली.

मग त्याने बासष्ट पानं आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. वरच्या पानावर मधोमध नाव लिहिलेलं होतं. त्याने तिचं बोट धरलं आणि त्या दोन अक्षरांवरून फिरवलं. एकदा, दोनदा. ती कागदाकडे बघत होती. तिने कागदांचा गठ्ठा हातात तोलून पाहिला, मग पदर सावरला, नीट बसली. आयुष्यात ज्या ज्या वेळी कोणी तिच्यापुढे कागद ठेवला, तेव्हा ती अशीच नीट बसली असणार.

उजव्या हाताचा अंगठा तिने पुढे केला.

"कुठी लावू?" म्हणाली.

हेमराजने माझ्याकडे बघितलं. अक्का अंगठा पुढे धरून थांबली होती, थकलेला हात दुसऱ्या हाताने धरून. घरात शाई नव्हती. शेवटी त्याने खिशातून चुन्याची डबी काढली, अंगठ्याला चुना लावला आणि शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. तिने सगळा जोर लावून अंगठा दाबला.

पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा. ओला होता तोवर दिसत होता.

"झालं का रे?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने अंगठा पदराला पुसला आणि सूप ओढून घेतलं.